जावयाला 'नाही' कोण म्हणणार?

आमच्या भाऊजींना अख्खं कॉलेज 'गरज सर' म्हणतं. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतं, हे आणखी वाईट. इंजिनिअरिंगच्या मुलांना ते डिझाइन शिकवतात, म्हणजे एखादी वस्तू डोक्यात येण्यापासून माणसाच्या हातात पडेपर्यंत काय काय करायचं ते. पहिल्या तासाला वर्गात शिरतात, हजेरी घेत नाहीत, स्वतःचं नाव सांगत नाहीत. फळ्यावर हातभर अक्षरांत 'गरज' एवढंच लिहितात आणि खुर्चीत बसून मुलांकडे टक लावून बघत राहतात. सरांना काहीतरी हवंय असं वाटून एकदा एकाने उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. मग भाऊजी गरजले, "वस्तूच्या आधी गरज जन्माला येते! कोणाची गरज? कधी? कुठे? हे ज्याला विचारता येत नाही, त्याने स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नये!" पाणी मात्र ते प्यायले.

हे मला ठाऊक, कारण कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भाऊजींच्या नोट्स माझ्या मशीनमधून इतक्यांदा गेल्यात की आता मशीनही त्या विषयात पास होईल. पहिल्या पानावर गरज ओळखा. मग वापरणाऱ्याला विचारा, पण उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. 'हलकं हवं' ही काही अट झाली नाही, किती ग्रॅम ते लिहा. पहिलीच कल्पना सुचली की तिच्या प्रेमात पडू नका, आणखी चार सुचू द्या. आधी पुठ्ठ्याचं करून बघा, स्वस्तात चुका. लोकांच्या हातात द्या, त्यांना मोडू द्या, मग पुन्हा करा. आणि लोक वस्तू वापरून बघत असताना बनवणाऱ्याने तिथे उभं राहू नये, कारण माणसं तोंडावर खरं बोलत नाहीत. सगळं कसं सोन्यासारखं. मी ते पानाला ठरलेल्या दराने विकते आणि मुलं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी विकत घेतात.

हे सगळे नियम कॉलेजच्या फाटकाच्या आत लागू होतात. फाटकाबाहेर पडून भाऊजी घरी निघाले, की त्यांच्यातल्या शोधकाला मोकळं रान मिळतं. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, त्या रानात राहते. दूध उतू जाण्याआधी वाजणारी घंटी त्यांनी बनवली. ती वाजते, अगदी नेमाने वाजते, पण दूध उतू गेल्यावर. चपलांचं कपाट बनवलं, पायाने उघडणारं. त्याची कळ इतकी कडक की उघडायला पायात बूट लागतो आणि बूट तर आत असतात. दर वेळी ताई कमरेवर हात ठेवून एवढंच विचारते, "अहो, याची गरज काय होती?" फळ्यावरचा तो शब्द घरात ताईच वापरते. भाऊजी उत्तरादाखल खिशातून कॅलिपर काढतात आणि काहीतरी मोजायला लागतात. तो कॅलिपर लग्नाच्या फोटोतही त्यांच्या खिशात दिसतो.

आई गेल्यावर बाबा ताईकडे राहायला आले. बाबांचं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं. तांदळाएवढी शिशाची अक्षरं उलटी वाचत, चिमटीत धरत, ओळीत बसवत त्यांनी म्हातारपण गाठलं, आणि मग त्याच हातांना कंप सुटला. गोळ्यांनी थोडा कमी झाला, गेला नाही. त्याहून अवघड गोष्ट ही, की बाबा आता जावयाच्या घरी राहत होते. आमच्या बाबांच्या पिढीत सासरा जावयाकडे जेवायला गेला तरी पाटाच्या कडेवर बसायचा. इथे तर कायमचा मुक्काम. पंखा लावायचा तरी बाबा विचारत, "जावईबापू, तुम्हाला वारा चालेल ना?"

एका संध्याकाळी बाबांच्या बशीत चहा सांडला. भाऊजींनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. ती चमक ताईच्या चांगलीच ओळखीची होती.

"बाबा, चहा पिताना त्रास होतो ना?" भाऊजींनी विचारलं.

"होतो थोडा," बाबा म्हणाले.

झालं. नोट्समधलं दुसरंच वाक्य त्या क्षणी धारातीर्थी पडलं. जावयाने 'होतो ना?' म्हणून विचारल्यावर 'नाही होत' म्हणणारा सासरा अजून कुठल्या कारखान्यात तयार व्हायचाय.

पहिला कप वजनदार होता. बुडाशी शिसं भरलेलं, का तर जड वस्तू कमी थरथरते. इतका जड की बाबांनी तो उचलला तेव्हा चहा नाही सांडला, बाबाच पुढे झुकले. दुसऱ्याला एकात एक अशा दोन कड्या होत्या. हात कसाही हलला तरी कप आपला सरळ. त्यातून चहा प्यायचा म्हणजे नुसता ओठ लावून भागत नसे, कपाच्या मागे मागे तोंड न्यावं लागे. तिसऱ्याला झाकण होतं आणि झाकणाला चोच होती. तो बघून माझा भाचा म्हणाला, "आई, हा माझा लहानपणीचा ना?" ताईने त्याला आत पिटाळलं. बाबा मात्र प्रत्येक कप दोन्ही हातांनी घेत, उलटसुलट बघत आणि म्हणत, "वा! छान आहे. चालेल."

आता या 'चालेल'बद्दल मला बोलायचंय. आपल्या भाषेत या शब्दाएवढा लबाड शब्द दुसरा नाही. यंत्राबद्दल म्हटलं तर ते चालणार, फिरणार, काम देणार. आणि माणसाने मान किंचित कलती करून, दुसरीकडे बघत म्हटलं, तर त्याचा अर्थ 'नको होतं, पण तुमचं मन कुठे मोडू.' भिंतीवरचं पाचवं घड्याळ भेट मिळालं की आपण हेच म्हणतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. भाऊजी इंजिनिअर. त्यांनी ऐकलं 'चालेल' आणि मनात टिपलं 'चालतो'. तिन्ही कप चाचणीत उत्तीर्ण झाले. चहा बाबा जुन्याच कपातून पीत राहिले, ताई तो अर्धाच भरायची. चोचीच्या कपात भाऊजींच्या पेन्सिली गेल्या. हेही भाऊजींना दिसत होतं, पण ते म्हणत, "बाबांना सवय व्हायला वेळ लागेल."

दरम्यान बाबांचं बाहेर जाणं बंद झालं होतं. आधी ते रोज दुपारी वाचनालयात जात. तिथे छापखान्यातले त्यांचे जुने सोबती जमत, एकेका वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका काढत आणि परमानंदात घरी परतत. ते सगळं थांबलं. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणत. खिडकीत बसून राहत. चेहरा उतरला, बोलणं कमी झालं. ताई म्हणे वय झालं. मीही म्हटलं वय झालं. वय झालं म्हटलं की बाकी काही विचारावं लागत नाही.

मग कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन आलं. भाऊजींना वाटलं, मुलांना खरा वापरणारा दाखवावा. कपाचा विकास टप्प्याटप्प्याने टेबलावर मांडायचा आणि शेजारी खुर्चीवर सासरा मांडायचा. बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "चालेल." चारचौघांसमोर थरथरत्या हाताने चहा पिऊन दाखवायचा, या कल्पनेनेच त्यांचा हात जास्त थरथरायला लागला होता. मी दुकान बंद ठेवून त्यांना घेऊन गेले. रिक्षातून उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. मला भाऊजींचा इतका राग आला होता की त्यातला एखादा शिसं भरलेला कप हाताशी असता तर काही खरं नव्हतं.

खोलीत बाबा, मी, टेबलावर तीन कप आणि समोर सात-आठ मुलंमुली. भाऊजी खडू घेऊन उभे. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तुम्ही बाहेर थांबा ना. बनवणाऱ्याने तिथे थांबायचं नाही, तुमचाच नियम आहे."

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वतःच्या विहिरीत स्वतःच पडलेल्या माणसाचा असतो तसा. "बरोबर, अगदी बरोबर," असं पुटपुटत ते बाहेर गेले आणि दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. मी उठून पडदा ओढला.

त्या मुलीने कपाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती म्हणाली, "आजोबा, कालचा तुमचा दिवस कसा गेला ते सांगा."

बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. जावई नव्हता. मग ते बोलायला लागले आणि मी थक्क झाले, कारण आमच्या घरात इतकी वाक्यं ते महिन्याभरात बोलले नव्हते. सकाळी वर्तमानपत्र. मग सगळे आपापल्या कामाला. मग खिडकी.

"बाहेर नाही जात?"

"नाही."

"का?"

मला वाटलं, आता गुडघे येणार. पण ते म्हणाले, "अगं, किल्ली जात नाही भोकात."

घराच्या दाराला लॅच आहे. दुपारी घरी कोणी नसतं. एकदा बाबा वाचनालयातून आले, किल्ली काढली आणि ती लॅचच्या तोंडाशी नाचायला लागली. जितकी घाई करावी तितका हात जास्त हलायचा. वरच्या मजल्यावरच्या बाई जिना उतरत होत्या. त्या बघत थांबल्या, मग त्यांनी बाबांच्या हातातून किल्ली घेतली, दार उघडलं, त्यांचं बखोट धरून त्यांना आत केलं आणि म्हणाल्या, "काका, कशाला एकटे हिंडता? आता तुमच्याच्याने होतं का हे?"

"भल्या बाई आहेत," बाबा म्हणाले. "पण त्यानंतर मी नाही गेलो. बाहेर जाईन हो, पाय धड आहेत. घरात परत येता येत नाही. जावयाचं घर आहे, दार उघडं टाकून कसं जाऊ?"

"आणि कप?" कोणीतरी विचारलं.

"छे हो, कपाचं काय! अर्धा भरला की झालं."

मला रडू आलं. मुलांसमोर, चक्क. आपले बाबा किल्ली खिशात घेऊन घरात कोंडले गेलेत हे मला कळलं नाही, आणि मी मात्र भाऊजींना हसत फिरत होते.

भाऊजी आत आले. "काय म्हणाले बाबा?" मुलं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. बाबा मान कलती करून म्हणाले, "कप छान आहे म्हटलं."

दुसऱ्या दिवशी भाऊजी नोट्स घेऊन दुकानात आले, तेव्हा मी मशीन बंद केलं आणि सगळं सांगितलं. ते कागदांच्या खोक्यावर बसले. बराच वेळ खिशातला कॅलिपर नुसता उघडत-मिटत राहिले.

"म्हणजे मी इतके दिवस कप बनवत बसलो?"

"हो," मी म्हटलं. "छान आहेत. चालतील."

त्यांना पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ लागला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले. ते तसेच उठून गेले. मला वाटलं माणूस सुधारला. माणूस थेट बाजारात गेला आणि अंगठा लावून उघडणारं कुलूप घेऊन आला! आणखी चार कल्पना सुचू द्या म्हणणारा हाच तो महात्मा. बाबांचे अंगठे शिशाचे खिळे हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. त्यावर रेषा शिल्लकच नाहीत. कुलपाने लाल दिवा लावला आणि एका गोड बाईच्या आवाजात सांगितलं, पुन्हा प्रयत्न करा. बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. बाबा म्हणाले, "चालेल."

त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. ताई म्हणाली, "अहो, आता तरी त्यांनाच नीट विचारा." ते म्हणाले, "विचारतो गं. ते खरं सांगत नाहीत." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा झाला की मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची दया आली.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही जावई आहात तोवर नाही सांगणार ते. जावयाला 'नाही' कोण म्हणणार? तुम्ही बाहेर थांबा."

"आता घराच्याही बाहेर थांबू?"

"नावाने थांबा. म्हणावं, हे मी नाही केलेलं, एका विद्यार्थ्याने केलंय. महा आगाऊ पोरगा आहे, कुणाचं ऐकत नाही, चुका काढून द्या."

ताईला हे फसवणं पटलं नाही. भाऊजींना पटलं, कारण त्यांना ती संशोधनाची पद्धत वाटली.

तर पहिला नमुना पुठ्ठ्याचा आला. लॅचच्या तोंडाभोवती चिकटवायचं एक पसरट नरसाळं. किल्ली कुठेही टेकवा, घसरत घसरत भोकाशीच येणार. भाऊजी घसा खाकरत म्हणाले, "बाबा, हे एका विद्यार्थ्याने केलंय. जरा आगाऊच आहे तो."

बाबांनी किल्ली फिरवून बघितली. मग मान कलती न करता, सरळ समोर बघत म्हणाले, "या गाढवाला किल्लीला दात असतात हे माहीत नाही का? दात अडकतात कडेला."

ताईने तोंडात पदर कोंबला. भाऊजी म्हणाले, "हो ना. गाढवच आहे."

"आणि हात टेकायला जागा नको? मनगट टेकलं की हात शांत होतो. आम्ही खिळे जुळवताना मनगट टेकूनच बसायचो. अधांतरी हाताने का कोणी काम करतं?"

पुढचा नमुना कॉलेजच्या मशीनवर प्लास्टिकचा झाला. खाली मनगटासाठी बोटभर रुंद फळी. मशीनमध्ये गुलाबीच प्लास्टिक उरलं होतं, म्हणून रंग गुलाबी. बाबांनी तो बघून कपाळाला हात लावला. "दाराला हे काय खेळणं? येणारा-जाणारा विचारेल, हे कशाला, काकांना काही झालंय का? त्या पोराला म्हणावं, दाराचा भाग वाटला पाहिजे. ओळीत एक खिळा वेगळा दिसला की वाचणाऱ्याचा डोळा तिथेच अडकतो." भाऊजी कागदावर भराभर लिहीत होते. 'दाराचा भाग वाटला पाहिजे' ही अट मोजायची कशी, हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तिच्याखाली दोनदा रेघ मारली.

त्यानंतर कितीतरी नमुने आले आणि गेले. किल्लीचं डोकं जाड झालं. कड गोल झाली. एकदा करकर आवाज येतो म्हणून बाबांनी तो विद्यार्थी, त्याचे मास्तर आणि सबंध शिक्षणव्यवस्था एका वाक्यात मोडीत काढली. मास्तर समोरच उभे होते, मान डोलवत. मी त्यांना कधी इतकं खूश पाहिलं नव्हतं. ताई म्हणते, रोज संध्याकाळी बाबा आता दाराकडे कान लावून असत, आज त्या गाढवाने काय पाठवलंय म्हणून. पंखाही ते न विचारता लावायला लागले.

शेवटचा नमुना पितळेचा. कॉलेजच्या कारखान्यात भाऊजींनी स्वतः लेथच्या यंत्रापाशी उभं राहून केला. जुन्या घरांच्या दारांना असते तशी नक्षीची पट्टी वाटावी, मध्ये किल्लीसाठी खोलगट वाटी, खाली अरुंद कठडा. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. मग टोपी घातली, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "मी वाचनालयात जाऊन येतो."

सुट्टीचा दिवस होता. आम्ही सगळे घरात होतो, पण ताईने दार लावून घेतलं. लॅच खटकन बसलं. दुपार कशी गेली ते विचारू नका. ताईने एकच भांडं कितीदा तरी घासलं. भाऊजींनी कॅलिपर शोधायला सगळे खिसे पालथे घातले आणि तो त्यांच्या हातातच होता.

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. बाबांचीच. भाऊजी झटकन उठून दाराशी गेले. त्यांचा हात लॅचकडे गेला तशी ताईने खूण केली, नाही! त्यांनी हात मागे घेतला आणि दाराला चिकटून उभे राहिले. तेवढ्यात वरून दुसरी पावलं उतरू लागली. वरच्या बाई. त्या थांबल्या.

"काका, देऊ का उघडून?"

बाहेरून बाबांचा आवाज आला, शांत. "नको."

मग पितळेवर किल्ली टेकल्याचा बारीक आवाज. घसरल्याचा. थांबल्याचा. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते. कट्ट झालं आणि दार उघडलं.

बाबा आत आले. टोपी काढली, खुंटीला लावली, त्यालाही त्यांना जरा वेळ लागला. कपाळावर घाम होता आणि चेहरा असा फुलला होता की मला आईची आठवण झाली. दाराआड भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या जावयाकडे त्यांनी पाहिलं. भाऊजींनी हातातला कॅलिपर मिटून खिशात टाकला.

बाबाच म्हणाले, "जावईबापू, त्या तुमच्या विद्यार्थ्याला एक निरोप द्या."

"काय?"

"म्हणावं, काम उत्तम झालंय. फक्त दाराआड उभं राहून असा मोठमोठ्याने श्वास घेऊ नकोस. बाहेर ऐकू येतं, आणि माझा हात जास्त हलतो."